ऑपरेशन यशस्वी, तरी आई नाराज का? वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेतली दोन गणितं

प्रश्न : आईचं (वय ५२, उंची १५५ सेंमी) दोन वर्षांपूर्वी स्लीव्हचं (जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवण्याचं) ऑपरेशन झालं. तेव्हा वजन ११२ किलो होतं. मध्यंतरी ७६ पर्यंत उतरलं, आता ८० आहे. डॉक्टर दर वेळी ‘रिझल्ट उत्तम’ म्हणतात. आई म्हणते, पैसे पाण्यात गेले. भाकरी खाल्ली की उलटी होते, रात्री घशाशी आंबट येतं, पोटाची कातडी लोंबते, सतत थकवा असतो आणि बंद झालेली डायबेटिसची एक गोळी पुन्हा सुरू झाली आहे. खरं कोणाचं मानायचं?

उत्तर :

दोघांचंही, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत. पण एवढ्यावर भागत नाही. उलटी, घशाशी येणं आणि थकवा या तीन तक्रारींची तपासणी व्हायला हवी, आणि वजनाचा आकडा चांगला असल्यामुळे ती राहून गेलेली दिसते. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या मतभेदाचं खरं नुकसान इथे होतं. आधी गणित सांगतो, मग तपासण्या.

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन ‘आता किती वजन उरलं’ हे बघत नाहीत, ‘जादा वजनापैकी किती गेलं’ हे बघतात. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २५ ला जे वजन येतं ते आदर्श धरायचं. १५५ सेंमी उंचीला ते ६० किलो. म्हणजे ११२ किलोला जादा वजन झालं ५२ किलो. त्यातलं ३२ गेलं, म्हणजे जवळपास ६२ टक्के. जादा वजनापैकी निम्म्याहून अधिक गेलं की ऑपरेशन यशस्वी, हा निकष कित्येक वर्षं चालत आला आहे. अलीकडे मूळ वजनाच्या किती टक्के घट झाली ते सांगतात. तिथे साधारण २० टक्क्यांची रेषा धरतात, आईंची घट साडेअठ्ठावीस टक्के आहे. कुठल्याही पट्टीने मोजा, सर्जनच्या वहीत त्या पास आहेत, आणि चांगल्या मार्कांनी.

आईंच्या बाजूने बघा. ८० किलोला बीएमआय ३३ येतो. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण भारतीयांमध्ये कमी बीएमआयलाही पोटावर चरबी साठते आणि साखर वाढते. म्हणजे इतकं सगळं सोसून वैद्यकीय व्याख्येनुसार त्या अजून लठ्ठच आहेत. ऑपरेशनला येताना बहुतेकांच्या मनात साठ-पासष्टचा आकडा असतो. लग्नातलं वजन, नाहीतर उंची-वजनाच्या तक्त्यातलं वजन. हा आकडा कुणी विचारत नाही, त्यामुळे तो खोडलाही जात नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये १९९७ साली ६० लठ्ठ स्त्रियांना आहार-उपचारांआधी विचारलं होतं, की किती वजन कमी व्हायला हवं. सरासरी उत्तर होतं ३२ टक्के. १७ टक्के घट झाली तर आपली निराशा होईल, असं त्यांनी सांगितलं. वर्षभराने जवळपास निम्म्या स्त्रिया त्या ‘निराशे’च्या आकड्यापर्यंतही पोचल्या नव्हत्या. त्या उपचारांत शस्त्रक्रिया नव्हती, पण अपेक्षांची उंची शस्त्रक्रियेला येणाऱ्यांचीही तशीच असते, बऱ्याचदा अधिक.

७६ चे ८० झाले, याचा आईंनी धसका घेतला असणार. स्लीव्ह असो की बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन), वजन साधारण १२ ते २४ महिन्यांत तळाला जातं आणि तिथून थोडं वर येतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर रुग्णांची सरासरी घट दोन वर्षांनी २३ टक्के होती, दहा वर्षांनी १७ आणि वीस वर्षांनी १८. (त्यातली बहुतेक ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती, ती आता होत नाहीत. आकडा नव्हे, आलेखाचा आकार लक्षात ठेवा.) ३६ किलो उतरून ४ परत येणं, म्हणजे उतरलेल्यापैकी ११ टक्के, हे अपेक्षेतलं आहे. रस्त्यावरच्या फलकांवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे जे फोटो असतात त्यातला ‘नंतर’चा फोटो बहुधा याच तळाच्या महिन्यांतला असतो. पाच वर्षांनंतरचा फोटो कुणी लावत नाही.

अशा फलकांवरच्या टक्केवारीचीही एक गोम आहे. समजा १०० जणांची ऑपरेशनं झाली, पाच वर्षांनी त्यातले ४० तपासणीला आले आणि ३० जणांचं वजन आटोक्यात निघालं. यश किती? आलेल्यांमधलं ७५ टक्के. उरलेल्या साठांचं काय झालं ते माहीत नाही, आणि वजन परत वाढलेला माणूस सर्जनला तोंड दाखवायला येत नाही हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून टक्केवारी ऐकली की ‘किती जणांपैकी किती जण आले होते?’ हे विचारावं. डॉक्टर मुद्दाम फसवतात असं नाही. त्यांच्यासमोर जे येतात त्यांच्यावरून त्यांचं मत बनतं.

गोळी पुन्हा सुरू झाली, हे अपयश नाही. डायबेटिस ‘गेला’ असं ऐकायला मिळतं, तिथे चूक आम्हा डॉक्टरांचीच आहे. आम्हाला म्हणायचं असतं की तो माघारी गेला, म्हणजे औषध बंद करून किमान तीन महिने एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.५ च्या खाली राहिलं. रुग्णाला ऐकू येतं, बरा झाला. वर सांगितलेल्या स्वीडिश अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही औषधाविना ठीक होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. म्हणजे निम्म्या लोकांचा परत आला. तरीही डोळे, मूत्रपिंड आणि नसांचे विकार ऑपरेशन झालेल्या गटात पंधरा वर्षांनंतरही, ऑपरेशन न झालेल्यांच्या तुलनेत, निम्म्याहून कमी प्रमाणात दिसले. मधली काही वर्षं साखर ताब्यात राहिली, तो फायदा वाया जात नाही. एक बारकावा मात्र बघायला सांगा. शरीरात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटं वर दिसू शकतं. गोळी केवळ त्या एका आकड्यावर सुरू केली असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा आणि घरी उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी आठवडाभर साखर लिहून ठेवा.

तपासणी लागणाऱ्या तक्रारी अशा.

भाकरीने उलटी होते. पातळ पदार्थ, ताक, वरण जातं का? ते विनासायास जात असेल आणि भाकरी, ताजी पोळी, सुकं चिकन किंवा गोळा झालेला भातच अडकत असेल, तर बहुधा खाण्याची पद्धत कारणीभूत असते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याएवढी अरुंद नळी उरते. तिच्यात घास ढकलता येत नाही. घास बोराएवढा, वीसेक वेळा चावून, जेवण पंचवीस-तीस मिनिटांत, जेवताना पाणी नाही आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. भाकरी वरणात किंवा आमटीत कुस्करून मऊ होईपर्यंत ठेवायची. पंधरा दिवस हे काटेकोर पाळूनही उलटी थांबत नसेल, किंवा पातळसुद्धा परत येत असेल, तर नळी मध्यावर, वळणापाशी अरुंद झाली आहे किंवा पिळली गेली आहे, अशी शंका घ्यावी. त्यासाठी बेरियम पिऊन एक्स-रे आणि दुर्बिणीची तपासणी, दोन्ही लागतात. नुसत्या दुर्बिणीत पीळ निसटू शकतो, कारण दुर्बीण त्यातून सरकून पुढे जाते आणि ‘आत सगळं ठीक’ असा रिपोर्ट मिळतो. अरुंद भाग फुगा घालून रुंद करता येतो, कधी एकाहून अधिक वेळा करावा लागतो. उलटीबरोबर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर सोनोग्राफी करून पित्ताशयातले खडे बघा. वजन झपाट्याने उतरताना ते होतात, म्हणून बरेच सर्जन पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची ३०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात.

या उलटीचा वजनाशी थेट संबंध आहे, आणि तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. भाकरी, उसळ, चिकन अडकतं म्हणून माणूस जे अडकत नाही ते खातो. चहात बुडवलेली खारी, बिस्किटं, शेव, आइस्क्रीम, साबुदाण्याची खिचडी. हे सगळं नळीतून घसरत जातं, पोट भरल्याचं जाणवत नाही आणि उष्मांक मात्र पुरेपूर. डॉक्टरांना दिसतं वजन ८०, ठीक आहे. आईंना दिसतं की जेवण जात नाही, तरी वजन वाढतंय. दोन्ही एकाच गोष्टीची टोकं आहेत. तीन दिवस खाल्लेलं सगळं, चहासोबतच्यासकट, कागदावर लिहा आणि त्यातलं प्रथिन मोजा. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हवं. अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, घट्ट वरणाच्या एका वाटीत ६-७. दोन अंडी, दोन पेले दूध, शंभर ग्रॅम पनीर आणि दोन वाट्या घट्ट वरण केलं तेव्हा कुठे साठाला पोचतो. अडकतंय म्हणणाऱ्या बाईंच्या यादीत बहुधा तीस-पस्तीस निघतात.

रात्री घशाशी आंबट येतं. स्लीव्हबद्दल सर्जन आणि रुग्ण यांची मतं सर्वांत जास्त इथे फाटतात. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासची तुलना करणारा अभ्यास दहा वर्षं चालला. त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांना दुर्बिणीत अन्ननलिकेचा दाह दिसला, बायपास झालेल्यांपैकी ७ टक्क्यांना. कारण यंत्रणेत आहे. नळी अरुंद असल्याने आतला दाब वाढतो, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला नैसर्गिक कोन नाहीसा होतो, आणि छोटा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) असेल तर तो मोठा होतो. सर्जनच्या लेखी ही ‘किरकोळ गुंतागुंत’, गोळीने आटोक्यात येणारी. रुग्णाच्या लेखी रोजची झोपमोड. पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, वर्षानुवर्षं चालू ठेवून विषय संपत नाही. ते दीर्घकाळ घेतलं की बी-१२, लोह आणि मॅग्नेशियम यांचं शोषण आणखी घटतं, आणि स्लीव्हनंतर ते आधीच कमी असतं. आईंना दोन वर्षं झाली आहेत आणि रोजचा त्रास आहे, तेव्हा दुर्बिणीची तपासणी आता करा. त्रास नसलेल्यांनीही ती दोन-तीन वर्षांनी करून घ्यावी, कारण दाह मुका असू शकतो. तोवर रात्रीचं जेवण झोपेआधी तीन तास, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून सहा इंच वर (नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडतं आणि त्रास वाढतो), आणि झोपताना चहा-दूध बंद.

थकवा. हिमोग्लोबिन बरं आलं म्हणून हा विषय बंद करू नये. फेरिटिन, बी-१२, फोलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) बघा. शाकाहारी माणसाचं बी-१२ बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीच तळाला असतं, नंतर जठरातला आम्ल आणि शोषणाला लागणारा घटक बनवणारा भागच निघून जातो. रोज तोंडाने ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, नाहीतर महिन्याला १००० चं इंजेक्शन, आणि हे जन्मभर. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून, सायट्रेट स्वरूपात. दुकानात सहज मिळणाऱ्या कार्बोनेटला पचायला आम्ल लागतं आणि ते आता कमी आहे. लोहाची गोळी कॅल्शियमपासून दोन तास दूर, आणि चहाबरोबर कधीही नाही. ‘सगळ्या गोळ्या नाश्त्याला एकदम घेते’ हे घराघरांत चालतं, आणि मग गोळ्या घेऊनही रिपोर्ट सुधारत नाहीत.

कातडीबद्दल मात्र डॉक्टरांकडे चांगलं उत्तर नाही. बावन्नाव्या वर्षी तीस-पस्तीस किलो उतरल्यावर पोटाची आणि दंडाची कातडी आवळत नाही. व्यायामाने खालचे स्नायू सुधारतात, कातडी नाही. घडीत घाम साठून खाज आणि चट्टे येत असतील तर ते कोरडं ठेवणं, बुरशीचं मलम, सुती आतले कपडे. जादा कातडी काढण्याचं ऑपरेशन वजन निदान सहा महिने स्थिर असताना आणि प्रथिनं-लोह भरून निघाल्यावर करायचं असतं. आजच्या अवस्थेत केलं तर जखम भरायला वेळ लागेल. विमा कंपन्या ते सौंदर्योपचारात ढकलतात. संमतिपत्रावर कातडीची ओळ असतेच असं नाही, आणि ‘हे आधी कुणी सांगितलं नाही’ हे वाक्य सर्वांत जास्त कातडीबद्दल ऐकू येतं. केस गळण्याबद्दलही तसंच, पण ते तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सुरू होऊन बहुतेकांचं वर्षभरात थांबतं.

इतकं सगळं ‘उत्तम’ या एका शब्दाखाली झाकलं कसं जातं? तर मोजण्याची साधनंच तशी आहेत. १९९८ मध्ये आलेली बॅरोस नावाची गुणपद्धती आजही वापरात आहे. वजनाला जास्तीत जास्त ३ गुण, सोबतचे आजार सुधारले तर ३, जीवनमानाला ३. गुंतागुंत झाली तर वजाबाकी होते, मोठीला १, किरकोळीला ०.२. रोज रात्री उठून बसणाऱ्या माणसाच्या एकूण गुणांमधून ०.२ गेले, एवढंच. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या पुढाकाराने झालेल्या बॅरिॲक्ट प्रकल्पात या विषयावरचे ९० अभ्यास तपासले, तेव्हा परिणाम म्हणून १०८८ वेगवेगळ्या गोष्टी नोंदलेल्या निघाल्या. प्रत्येकाची पट्टी वेगळी. मग डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि रुग्ण यांची मतं घेऊन २०१६ मध्ये नऊ गोष्टी ठरल्या, ज्या प्रत्येक अभ्यासात मोजल्याच पाहिजेत : वजन, मधुमेहाची स्थिती, हृदयविकाराची जोखीम, एकूण जीवनमान, मृत्यू, त्या-त्या ऑपरेशनच्या तांत्रिक गुंतागुंती, पुन्हा करावं लागलेलं ऑपरेशन किंवा उपचार, गिळायला त्रास व अन्न वर येणं, आणि सूक्ष्म पोषकांची स्थिती. आईंची उलटी आणि थकव्यामागे असू शकणारी रक्तातली कमतरता, दोन्ही त्या नऊमध्ये सरळ बसतात. कातडी त्यातही स्वतंत्रपणे नाही.

मतभेद नेहमी याच दिशेने असतो असं समजू नका. उलट्या दिशेचा मतभेद मला अधिक धोक्याचा वाटतो. जादा वजनापैकी ४० टक्केच गेलं म्हणून सर्जनच्या यादीत नापास ठरलेला रुग्ण जिना चढतो, श्वासाचं मशीन न लावता झोपतो, एसटीच्या सीटवर मावतो, आणि खूश असतो. अमेरिकेतल्या १९९१ च्या एका अभ्यासात, किमान ४५ किलो वजन उतरून ते टिकलेल्या ४७ जणांना विचारलं, की पुन्हा तेवढं जाड होणार की दुसरं एखादं व्यंग पत्करणार. बहिरेपण किंवा मधुमेह पत्करू, असं सगळेच्या सगळे म्हणाले. पाय गमावणं किंवा अंधत्वसुद्धा दहातल्या नऊ जणांनी निवडलं. आम्ही ज्याला ऑपरेशनचं सर्वांत मोठं यश मानतो तो मधुमेह जाणं, आणि रुग्ण तोच मधुमेह परत घ्यायला तयार आहेत, फक्त वजन नको. असा खूश रुग्ण पहिल्या वर्षानंतर तपासणीला येत नाही. गोळ्या बंद करतो. त्याला काही होत नसतं. बी-१२ चा साठा संपायला दोन-तीन वर्षं लागतात, हाडं झिजायला त्याहून अधिक. मग एक दिवस पायाला मुंग्या येतात आणि दाखवायला जातो तो मणक्याच्या डॉक्टरकडे, जिथे पोटाच्या ऑपरेशनचा विषयही निघत नाही. नाराज रुग्ण निदान भांडायला तरी येतो, त्याचं रक्त तपासलं जातं.

लग्नाआधी ऑपरेशन केलेल्या मुलींचं असं फार होतं. ‘वजनामुळे स्थळं येत नाहीत’ हे कारण केसपेपरवर लिहिलेलं नसतं. लग्न जमलं की घरच्यांच्या दृष्टीने काम फत्ते. सासरी सांगितलेलं नसतं, म्हणून गोळ्यांच्या बाटल्या माहेरी राहतात. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस लवकर राहतात. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, कॉपर-टीसारखी पद्धत बरी. प्रसूतितज्ज्ञांना ऑपरेशनबद्दल सांगायलाच हवं. एक तर पोषकांचे डोस वाढवावे लागतात. शिवाय गरोदरपणातली ग्लुकोज पिऊन करायची चाचणी बायपास झालेल्या बाईला दिली तर धडधड, घाम, चक्कर असा त्रास होऊ शकतो, तिच्यासाठी घरच्या घरी आठवडाभर साखर मोजणं हा पर्याय असतो.

आकडा आणि माणूस यांच्यातली ही फट मुंबईने २०१७ मध्ये जगासमोर पाहिली. जगातली सर्वांत वजनदार म्हणून गाजलेली, पाचशे किलोच्या घरात वजन सांगितलं गेलेली इजिप्तची महिला उपचारांसाठी आणली गेली, मार्चमध्ये तिची स्लीव्ह झाली. एप्रिलमध्ये डॉक्टर उतरलेल्या किलोंचे आकडे देत होते आणि बहीण म्हणत होती, तिला बोलता-हलता येत नाही, आम्हाला सांगितलं तसं काही झालेलं नाही. तिला आधी पक्षाघात होऊन गेला होता, वजन उतरल्याने तो भरून निघणार नव्हता. तिला अबूधाबीला हलवलं गेलं आणि सप्टेंबरमध्ये तिचं निधन झालं. त्या वादात कोण चुकलं हे ठरवण्यापेक्षा एवढं घ्या : ऑपरेशनने नेमकं काय बदलणार आणि काय तसंच राहणार, हे नातेवाइकांसमोर लेखी झालेलं असलं पाहिजे.

आता पुढच्या भेटीची तयारी. तक्रारी तोंडी सांगू नका, ‘थकवा येतो, जेवण जात नाही’ याला ‘होईल हळूहळू’ हेच उत्तर मिळतं. आठवडाभराची नोंद न्या : उलट्या किती वेळा, कशाने, किती वेळाने; रात्री किती वेळा आंबट येऊन जाग आली; प्रथिन किती ग्रॅम; कोणती गोळी किती वाजता. सोबत रोजच्या हालचालींचं एक पान, आधी आणि आता. मांडी घालून पंगतीत बसता येतं का, भारतीय पद्धतीच्या संडासातून आधाराशिवाय उठता येतं का, रिक्षात चढताना काय होतं, किती जिने न थांबता, पायात चप्पल अडकवायला वाकता येतं का. जीवनमानाच्या ज्या प्रश्नावल्या वापरतात त्या पाश्चात्त्य देशांत बनलेल्या आहेत, त्यात मांडी घालणं येत नाही. हे पान आईंनाही उपयोगी पडेल, कारण दोन वर्षांपूर्वी काय जमत नव्हतं ते माणूस विसरतो. गुडघा ‘अजून’ दुखतो हे खरं असतं, पण आधी किती पावलांनंतर दुखायचा हे आठवत नाही.

मन उदास आहे का, हेही सरळ विचारा. ऑपरेशननंतर काहींना नैराश्य येतं, स्वतःला इजा करण्याचं प्रमाण वाढल्याचं कॅनडातल्या अभ्यासात दिसलं आहे. दारू आधीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, बायपासनंतर विशेष. आणि आपल्याकडे भेटणारा प्रत्येक जण ‘किती उतरलीस गं, बरं नाही का?’ असं विचारून चेहरा उतरल्याचं सांगतो. जाड असताना टोचून बोलणारेच ते असतात.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी सर्जनकडून तीन आकडे किलोत मागून घ्यावेत, टक्क्यांत नको : माझं तळाचं वजन किती अपेक्षित, पाचव्या वर्षीचं किती, आणि किती झालं तर तुम्ही स्वतः अपयश म्हणाल. आंबट ढेकरांचा त्रास आधीपासून असेल तर ऑपरेशनआधी दुर्बीण झालीच पाहिजे. दाह किंवा मोठा हर्निया निघाला तर स्लीव्ह टाळून बायपासचा विचार होतो. विम्याचंही बघा. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या प्रमाणित अटींनुसार विमा बीएमआय ४० ला, किंवा ३५ ला सोबत गंभीर आजार असेल तर (आटोक्यात नसलेला टाइप-२ डायबेटिस, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार म्हणजे स्लीप ॲप्निया, हृदयविकार) मिळतो. वैद्यकीय मार्गदर्शक सूचना आता आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करायला सांगतात. मधल्या पट्ट्यातल्या माणसाला सगळा खर्च खिशातून करावा लागतो.

राहिला दुसऱ्या ऑपरेशनचा प्रश्न, कारण तो तुम्हाला लवकरच कुणीतरी सुचवील. स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करता येतं. आईंच्या बाबतीत ते चार किलो वाढले म्हणून करू नये, त्यासाठी ते फार मोठं पाऊल आहे आणि पहिल्या ऑपरेशनपेक्षा त्यात जोखीम अधिक असते. दुर्बिणीत अन्ननलिकेचा दाह बऱ्यापैकी निघाला, औषधाचा पूर्ण डोस आणि वर सांगितलेले नियम तीन महिने पाळूनही रात्र जागून काढावी लागत असेल, किंवा नळीचा पीळ फुग्याने सुटत नसेल, तर ते योग्य ठरतं. निवड झाली तर वाय आकाराचा बायपास घ्यावा, एकाच जोडाचा मिनी बायपास नाही, कारण मिनीमध्ये पित्त वर येण्याची शक्यता राहते. त्याआधी फेरिटिन, बी-१२, डी आणि प्रथिनं भरून काढा, म्हणजे किमान दोन-तीन महिने. आणि या काळात उलट्या वाढून दोन-तीन दिवस पोटात काहीच टिकत नसेल, नजर दुहेरी होत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ वाटत असेल, तर भेटीची तारीख बघत बसू नका. थेट रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, की बॅरिॲट्रिक ऑपरेशन झालेलं आहे, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आधी द्या, ग्लुकोजचं सलाइन नंतर.